यादीप्रमाणे बोलणारी बाई

हल्ली लोक मला पसंत करायला यादी घेऊन येतात. लग्नाच्या रिसेप्शनसाठी डीजे आणि निवेदक कसा निवडावा, असं इंटरनेटवर शोधायचं, सापडतील ते प्रश्न छापून काढायचे आणि माझ्यासमोर बसून एकेका प्रश्नापुढे खुणा करायच्या. माझी काही हरकत नाही. लग्नाआधी मला बघायला दोनच स्थळं आली होती. त्याची भरपाई सिंगापूरने केली.

पुण्यात मी शाळेत इतिहास शिकवत होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, बिशानच्या फ्लॅटमध्ये संसार मांडला आणि कुणाच्या तरी मुलीच्या रिसेप्शनला ठरलेला माणूस तापाने आजारी पडला म्हणून माइक हातात घेतला. तो अजून खाली ठेवलेला नाही. पन्नास मुलांचा वर्ग ज्याला गप्प बसवता येतो त्याला अडीचशे पाहुणे जड जात नाहीत. फरक एवढाच की पाहुण्यांना अंगठे धरून उभं करता येत नाही.

माझ्याबरोबर डीजे म्हणून अझमन असतो. तो इथलाच, मलय. वय पन्नाशीच्या पुढे, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. डीजे म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं त्यातलं त्याच्याकडे काहीच नाही. तो मला 'काक' म्हणतो. मलय भाषेत ते थोरल्या बहिणीला म्हणतात, पण आपल्या लोकांना वाटतं तो 'काकू' म्हणता म्हणता थांबला. मराठी त्याला येत नाही. अक्षता, आशीर्वाद आणि जेवण हे तीन शब्द कळतात, आणि मी 'आता' म्हटलं की गाणं सुरू करायचं, हे कळतं.

लोक विचारतात, तुमच्याकडे किती गाणी आहेत, किती स्पीकर आहेत. गाणी आता सगळ्यांच्याच फोनमध्ये असतात. डीजेचं खरं काम आवाज वाढवण्याचं नाही, कमी करण्याचं आहे. आजी आशीर्वाद द्यायला उभी राहते तेव्हा कोणत्या शब्दाला गाणं खाली आणायचं आणि ती थांबली की किती हळू परत चढवायचं, हे ज्याच्या बोटाला कळतं तो डीजे. अझमन आदल्या दिवशी हॉल बघायला जातो आणि पहिला प्रश्न विचारतो, "म्हातारी माणसं कुठे बसणार?" स्पीकर तिथून दूर जातात. यादीत हा प्रश्न कधीच नसतो.

निवेदकाचंही तसंच. चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. पण लग्नात कोणाचं नाव घ्यायचं, कोणत्या क्रमाने घ्यायचं आणि ते कसं उच्चारायचं, यात सगळं येतं. ही अक्कल मला फार वाईट पद्धतीने आली. सुरुवातीच्या दिवसांत एका रिसेप्शनला नवरदेवाच्या वडिलांना मी थाटात स्टेजवर बोलावलं आणि वर म्हणाले, "आणि आता ज्यांच्याशिवाय त्यांचं पान हलत नाही त्या आईसाहेब." हॉलमध्ये कोणी टाळी वाजवली नाही. आई चार महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. ते गृहस्थ माझ्याकडे बघून कसंनुसं हसले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

तेव्हापासून, समोरच्या माणसाची यादी संपली की मी माझा एकच प्रश्न विचारते. "ज्यांचं नाव घ्यायचं नाही असं कोणी आहे का?"

वृंदाबाईंना मी हाच प्रश्न विचारला.

वृंदाबाई बुकित तिमाहला एका काँडोत राहतात. एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर आहेत. त्यांची एकुलती एक मुलगी सई, तिचं जुन हाओ नावाच्या इथल्याच चिनी मुलाशी लग्न ठरलं होतं. विधी आपल्या पद्धतीने आदल्या दिवशी होणार होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एका हॉटेलात जेवणासह रिसेप्शन, ते चिनी पद्धतीने. वृंदाबाईंच्या हातात बावीस प्रश्न होते. माइक बंद पडला तर काय करता? मँडरिन येतं का? ("स्वागत आणि आभार. मधलं सगळं इंग्रजीत.") विनोद करता का?

"करते."

"किती?"

"लोक हसतील तितकेच."

त्यांनी खूण केली की नाही ते दिसलं नाही. मग माझा प्रश्न आला. त्यांनी पेनचं टोपण लावलं आणि शांतपणे सांगितलं, "सईचे वडील. राजन. आम्ही चार वर्षं वेगळे राहतो. ते येतील, सहा नंबरच्या टेबलवर बसतील. त्यांना स्टेजवर बोलवायचं नाही, माइक द्यायचा नाही. वधूची आई एवढंच नाव घ्यायचं."

शेजारी सई बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मावशी, मम्मीच्या लिस्टप्रमाणेच करा. डोन्ट कॉम्प्लिकेट, लाह." इथे वाढलेली मुलं वाक्याच्या शेवटी 'लाह' लावतातच. मग ती फोनमध्ये बघायला लागली. तिचा फोन बंद होता.

आठवड्याभराने मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. "मी राजन. सईचा बाबा. तुम्हाला अर्धा तास वेळ असेल का? मी वुडलँड्सला राहतो, पण तुम्ही म्हणाल तिथे येतो." आवाज असा की मी फोन कानापासून लांब धरला. मीच त्यांच्याकडे जायचं ठरवलं. ते माइक मागणार हे मी गृहीत धरलं होतं, आणि त्यांना समोरासमोर 'नाही' म्हणायचं होतं. ते फोनवर बरं दिसत नाही.

रविवारी सकाळी त्यांच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये आम्ही भेटलो. उंच, सावळा, हाताला ग्रीसचे न जाणारे डाग असलेला माणूस. जन्मभर जहाजावर होते, चीफ इंजिनियर म्हणून उतरले. आता जवळच्या यार्डात जहाजांच्या दुरुस्तीवर देखरेख करतात. मी आल्यावर ते उभे राहिले आणि मी बसेपर्यंत बसले नाहीत.

मी सरळ सांगून टाकलं. "राजनराव, माझ्या हातात काही नाही. मला यादी दिलेली आहे."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मला माइक नको आणि स्टेजही नको. सहा नंबरला मी आनंदाने बसेन. मला फक्त एक शिकायचं आहे. चिनी लग्नात ते सगळे उभे राहून ओरडतात ना, ग्लास वर करून, ते कसं करतात? सगळे उभे राहणार, मीही राहणार. माझं काही चुकलं आणि सईला सासरच्यांसमोर खाली बघायला लागलं, असं नको."

"जहाजावर चिनी लोक होते की तुमच्याबरोबर."

"पुष्कळ होते. पण इंजिनरूममध्ये कोणी लग्न करत नाही."

मग मी त्यांना यामसेंग शिकवलं. इथल्या चिनी लग्नाची ती पद्धत आहे. सगळ्यांनी ग्लास वर करायचे आणि 'याम' हा शब्द छातीत दम असेपर्यंत लांबवायचा, मग एकदम 'सेंग' म्हणून ग्लास रिकामा करायचा. असं तीनदा. जितकं लांब ताणाल तितकं जोडप्याचं सुख लांबतं, असं मानतात. राजनरावांनी आधी हलक्या आवाजात करून पाहिलं. मी म्हटलं, असं चालत नाही, हे पोटातून यायला हवं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, कॉफीचा कप उचलला आणि आवाज सोडला. आयुष्यभर इंजिनांच्या वर ओरडलेला तो आवाज होता. पलीकडे नूडल्स खात बसलेल्या एका म्हाताऱ्या चिनी आजोबांनी न वळताच चॉपस्टिक वर केल्या आणि उत्तर दिलं, "सेंग."

राजनराव लाजले. मग कप खाली ठेवत म्हणाले, "वृंदाची काही चूक नाही हं. मी वर्षातून दोनदा घरी यायचो, पाहुण्यासारखा. कायमचा आलो तेव्हा कळलं की त्या घरात माझी सवयच कोणाला नव्हती. मला स्वतःलाही नव्हती."

तिथून परतताना मला स्वस्थ बसवेना. निवेदकाने घरच्या भानगडीत पडू नये, हे मी या कामात येणाऱ्या नव्या मुलींना शिकवते. तरी मी वृंदाबाईंना फोन केला आणि भेटायला गेले. म्हटलं, "त्या यामसेंगच्या टोस्टच्या वेळी दोन्हीकडचे आईवडील स्टेजवर असतात. जुन हाओचे दोघं आणि तुम्ही एकट्या, ते फार उठून दिसेल. त्यापेक्षा दोन मिनिटं राजनरावांना उभं राहू दिलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही."

वृंदाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी माझ्यासमोर चहा ठेवला. "मीनलताई, बारा वर्षं मी शाळेच्या प्रत्येक सभेला एकटी गेले. सई पडली तेव्हा हॉस्पिटलमध्ये मी एकटी होते. तिची ॲडमिशन, तिचं आजारपण, तिचा हा मुलगा आवडल्याचं पहिल्यांदा सांगणं, सगळीकडे मी एकटी होते. तेव्हा दुसरी जागा रिकामी दिसते, असं कोणी मला सांगायला आलं नाही."

 आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याकडे तयार वाक्य नव्हतं.

"तुम्ही यादीप्रमाणे बोलणार आहात का?" त्यांनी विचारलं. "नसाल तर आत्ताच सांगा. मला दुसरं कोणी बघावं लागेल."

"बोलेन."

"लिहून द्या."

मी त्यांच्या यादीच्या तळाशी लिहून दिलं, खाली सही केली. शाळेत मुलांकडून असं लिहून घ्यायचे. आता माझी पाळी होती.

रिसेप्शनच्या दिवशी मी आणि अझमन दहा वाजताच हॉलवर पोचलो. त्याने आवाज तपासले, मी नावं. जुन हाओची आजी फक्त होक्कियन ही चिनी बोली बोलते, तिचं नाव मी त्याच्या मावशीसमोर पाच वेळा म्हणून पाहिलं. पाचव्या वेळी मावशी म्हणाली, "आता ते नाव झालं. आधी तुम्ही भाजी म्हणत होतात."

अकराच्या सुमारास मी माइकच्या बॅटऱ्या बदलत होते. हॉटेलचा कॅप्टन, म्हणजे वाढप्यांचा मुख्य, वही घेऊन आला. "मॅडम, स्टेजवर आईवडिलांसाठी ग्लास चार ना?"

मी मान हलवली.

ती मान 'हो' म्हणून हलली की बॅटरी बसली म्हणून, हे मी नंतर स्वतःला बऱ्याचदा विचारलं आहे. एवढं खरं, की तो विचारत होता ते मला ऐकू आलं होतं.

बारा-साडेबारापासून पाहुणे यायला लागले. आपल्याकडचे आधी आले, कारण त्यांना पत्रिकेवरची वेळ खरी वाटते. वरातीसारखी जोडप्याची पहिली एंट्री झाली, केक झाला, पहिले तीन पदार्थ आले. शाकाहारी टेबलांवर नेहमीप्रमाणे "यात अंडं आहे का" सुरू झालं. सहा नंबरच्या टेबलवर राजनराव नव्या कोटात ताठ बसले होते. त्यांच्या टेबलवर वृंदाबाईंचे दूरचे नातेवाईक होते आणि ते त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत होते.

मग कपडे बदलून जोडपं दुसऱ्यांदा आत आलं आणि टोस्टची वेळ झाली. मी माझी यादी उघडली आणि लिहिलं होतं तसंच वाचलं. "वराचे आईवडील, मिस्टर आणि मिसेस लिम. आणि वधूची आई, वृंदा." तिघं स्टेजवर आले. वृंदाबाईंनी माझ्याकडे बघून मान किंचित हलवली. मी शब्द पाळला होता.

कॅप्टन ट्रे घेऊन आला. जोडप्याचे दोन ग्लास वेगळे होते. मिस्टर लिमनी एक घेतला, मिसेस लिमनी एक, वृंदाबाईंनी एक. ट्रेवर एक उरला. कॅप्टन तो घेऊन तिथेच उभा राहिला, कारण चौथा माणूस कधी येतो याची तो वाट बघत होता.

मिस्टर लिम म्हणजे निवृत्त बसड्रायव्हर. गोल, हसरे गृहस्थ. सईचे आईवडील वेगळे राहतात हे त्यांना ठाऊक होतं, पण वेगळं राहणं आणि मुलीच्या टोस्टला स्टेजवर नसणं यांचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नसावं. त्यांनी त्या ग्लासकडे पाहिलं, हॉलकडे पाहिलं, आणि अगदी सहज माझ्या हातातून माइक घेतला.

"एह, सईचे पापा कुठे? चीफ! कम, कम. ग्लास वाट बघतोय, लाह."

चिनी टेबलं हसली. मराठी टेबलं गप्प झाली. राजनराव उभे राहिले, पण जागचे हलले नाहीत. ते वृंदाबाईंकडे बघत होते. सई जुन हाओच्या कोटाची बाही धरून उभी होती.

माझ्याकडे दुसरा माइक होता आणि या वेळी वाक्यही तयार होतं. एक विनोद केला असता, टोस्ट सुरू केला असता, तर प्रसंग निभावून नेला असता. बावीस प्रश्नांची मुलाखत पास झालेली बाई हेच करते. मी माइक खाली धरला आणि गप्प बसले. तेवढे पाच-सहा सेकंद मला माझ्या सगळ्या कामात सर्वांत अवघड गेले.

अझमनने मागे गाणं चालू ठेवलं होतं, एसीच्या आवाजाइतकं बारीक. मी नंतर त्याला विचारलं, बंद का केलं नाहीस? तो म्हणाला, "काक, बंद केलं असतं तर सगळे घाबरले असते. वाढवलं असतं तर मी ठरवल्यासारखं झालं असतं. ते माझं काम नाही."

वृंदाबाईंनी पदर सावरला. मग त्या मिसेस लिमच्या बाजूला एक पाऊल सरकल्या. त्यांच्या डावीकडे एका माणसापुरती जागा झाली. त्यांनी नुसती हनुवटी हलवली. सहा नंबरच्या टेबलपासून स्टेजपर्यंत अंतर फार नव्हतं, तरी राजनरावांना यायला बराच वेळ लागला.

माइक मिस्टर लिमच्याच हातात होता. त्यांनी तो चौघांच्या मध्ये धरला आणि आरोळी दिली. पहिल्या वेळी सगळा हॉल एकत्र थांबला. दुसऱ्या वेळी मिस्टर लिमचा दम आधी संपला आणि राजनरावांचा चालूच राहिला. तिसऱ्या वेळी सगळे थांबले तरी तो एकच आवाज हॉलभर घुमत होता. चिनी टेबलं मोजल्यासारखी ठेका धरून टाळ्या वाजवायला लागली, मिस्टर लिम हसता हसता खोकायला लागले, आणि सई तिच्या बाबांकडे असं बघत होती की मला दुसरीकडे बघावं लागलं. मग 'सेंग' झालं. राजनरावांनी ग्लास रिकामा केला, मिस्टर लिमशी हात मिळवला आणि परत सहा नंबरवर जाऊन बसले. कोणी बसवलं नाही, त्यांचे ते गेले.

जाताना वृंदाबाईंनी अझमनचे आभार मानले. माझ्याकडे बघून फक्त म्हणाल्या, "सगळं वेळेत झालं." मी समजले. त्यांनी मला शब्द पाळणारी म्हणून निवडलं होतं. मी यादीतला एक शब्द बदलला नव्हता, पण कॅप्टनला 'तीन' म्हणालेही नव्हते. हे त्यांना कळलं असणार. नाही कळलं तरी मला माहीत होतं. जे झालं ते चांगलं झालं म्हणून माझी मान हलली ते बरोबर ठरत नाही. वृंदाबाई एक पाऊल सरकल्या नसत्या तर मी एका माणसाला अडीचशे लोकांसमोर उभं करून ठेवलं असतं. त्यानंतर मी कॅप्टनच्या प्रत्येक प्रश्नाला तोंडाने उत्तर देते.

ही हकीकत सांगितली की लोक विचारतात, मग ते दोघं पुन्हा एकत्र आले का? नाही. राजनराव वुडलँड्सलाच आहेत, वृंदाबाई बुकित तिमाहला.

पण पंधरा दिवसांनी वृंदाबाईंचा फोन आला. "मीनलताई, व्हिडिओवाल्याने टोस्टवर कुठलंतरी गाणं टाकलंय. मूळ आवाज ऐकूच येत नाही. तुमच्या अझमनकडे असेल का?"

"असेल. तो सगळं रेकॉर्ड करतो."

"पूर्ण नको. तेवढाच भाग पाठवा."

 त्याच संध्याकाळी अझमनकडे गेले. त्याने कानावर हेडफोन लावून तो तुकडा शोधला, दोनदा ऐकला आणि कपाळाला आठी घातली. "काक, तिसऱ्या आरोळीच्या जरा आधी एक बाई बोलते आहे. माइकच्या अगदी जवळ. तुमच्या भाषेत आहे. कापून टाकू?"

मी हेडफोन घेतले. हॉलचा गोंगाट होता, मिस्टर लिमचं हसणं होतं, आणि त्याखाली वृंदाबाईंचा आवाज. हलका, घाईतला, थोडा वैतागलेला. रोज घरात बोलतात तसा.

"अहो, ग्लास नीट धरा. कोटावर सांडेल."

"काय म्हणते आहे?" अझमनने विचारलं.

मी इंग्रजीत सांगितलं.

"ओह," तो म्हणाला. "बायको." आणि न कापता तसंच पाठवून दिलं.